समुद्रात गरी टाकायची आहे, तलावाचं सामान चालते का? रॉड, रील, गाठी सगळंच सांगा

पवनीचा_गरीवाला
नमस्कार मंडळी. मी पवनीकडचा, जिल्हा भंडारा. गरी टाकणं लहानपणापासूनच, वैनगंगेत पण अन् गावच्या मामा तलावात, म्हणजे जुन्या मालगुजारी तलावात पण. बांबूची दांडी, नायलॉनचा दोरा, तरंगाले मोराच्या पिसाची काडी अन् खाली गांडूळ नाहीतर ढेप (पेंड) घालून मळलेली कणीक, झालं काम. रोहू, कतला, चिलापी, नशीब असलं तर मरळ. वजन म्हणून गाडीचा बंद पडलेला स्पार्क प्लग. दोन वर्षं झाली एक ७ फुटी फायबरचा रॉड अन् लहान रील घेतला, २००० नंबरवाला, त्यात ०.३५ मिमीचा नायलॉन आहे.

आता गोष्ट अशी का मोठा भाऊ गुहागर तालुक्यात नोकरीवर आहे, पाच वर्षांपासून ये ये म्हणून राहिला. यंदा धान निघालं, केंद्रावर घालून मोकळा झालो, तर जानेवारीत दहा दिवस जातो म्हणतो. नागपूरच्या एका दुकानात विचारलं तर तिथल्या पोट्ट्यानं काउंटरवर सामान मांडत मांडत चौदा हजाराचं बिल केलं, त्यात अर्धे तर प्लास्टिकचे रंगीत मासे. मी म्हटलं पाणी पिऊन येतो अन् थेट बसस्टँडवर.

माझं बजेट पाच-सहा हजार. काय घेऊ, काय नको, कोणती गाठ, खाली वजन कसं लावायचं, सगळं सांगजा. समुद्र मी फक्त एकदा पाह्यला आहे, सहलीत, आठवीत असताना.

सिंदेवाहीवाला
काहून जाते भाऊ इतक्या दूर? आपल्याइकडे मासोळ्या संपल्या का? दहा दिवस तलावावर बस, घरचा डबा खा.

खाडीकाठचा_मास्तर
सिंदेवाहीवाले भाऊ, येऊ द्या त्याला. मी मूळ आर्वीचा, अकरा वर्षं झाली कोकणात शाळेवर आहे अन् पहिली दोन वर्षं मी हेच केलं, तलावाचं सामान समुद्रात घेऊन गेलो. त्यातून जे शिकलो ते लिहितो, लांब होईल, सहन करा.

पहिले तुमचा रॉड. ७ फुटी रॉड जेट्टीवर अन् खाडीच्या धक्क्यावर चालते, नेऊन ठेवा. पण वाळूच्या किनाऱ्यावर लाटांच्या पलीकडे ७०-८० ग्रॅम वजन फेकायचं तर तो रॉड ते वजन उचलणारच नाही. रॉडवर दांडीच्या जवळ बारीक अक्षरात लिहिलेलं असते किती ग्रॅमपर्यंत फेकायचं, तुमच्यावर बहुतेक १०-३० असेल. तर एक ९ ते १० फुटी दोन तुकड्यांचा रॉड घ्या, ज्यावर १०० ग्रॅमच्या आसपास लिहिलं आहे. ग्लास-कार्बन मिक्स घ्या, प्युअर कार्बन हलका असते पण आपटला का गेला. अन् लांब रॉड घेऊन विजेच्या तारेखालून चालू नका, कार्बनमधून करंट येते.

रील ४००० ते ६००० नंबरमधला, तो आकाराचा नंबर असते, किंमत नाही. बेअरिंग किती आहेत याच्या मागे लागू नका, १२ बेअरिंगवाला स्वस्त रील म्हणजे गंजायच्या १२ जागा. दुकानात हँडल धरून आडवं हलवून पाहा, लटलट करत असेल तर खाली ठेवा. ड्रॅगची, म्हणजे रीलच्या ब्रेकची, चकती फिरवून दोरी हातानं ओढा, झटके देत सुटते का सरळ सुटते ते पाहा. सरळच सुटली पाहिजे.

रंगीत मासे एकही घेऊ नका. एकही नाही. कोळंबी बाजारात मिळते.

मालवणातलो_गरवणारो
गरवूक येताय म्हटल्यावर बरा वाटला. मालवणीत लिवलंय तर विदर्भात कळाचा नाय, म्हणान मराठीत लिहितो.

मास्तरांनी रॉड-रील सांगितलं, मी गरी सांगतो कारण नवीन माणूस तिथेच फसतो. गरीचा नंबर उलटा चालतो. १० नंबर बारीक, ६ त्याहून मोठी, १ अजून मोठी. आणि १ नंतर गाडी उलटी फिरते, १/०, २/०, ३/० अशी चढत जाते आणि प्रत्येक पुढची मोठी. दुकानात "२ नंबर द्या" म्हणालात आणि हवी होती २/० तर काम झालं.

जानेवारीत किनाऱ्यावरून मुडदुशी मिळेल, तिचं तोंड बारीक, तिला ८ किंवा ६ नंबर. पालू, तांबोशी, शिंगाळा यांना १/० ते ३/०. खाडीत जिताड्याच्या नादाला लागलात तर ४/० किंवा त्याच्या वर, पण पहिल्या दहा दिवसांत जिताडा हे स्वप्न ठेवा, बेत नको.

आणि शिंगाळ्याचे तीन काटे, पाठीवर एक आणि दोन बाजूंना दोन, विषारी असतात. गरी काढताना फडकं घ्या, पक्कड घ्या. लागलाच तर सोसवेल तेवढ्या गरम पाण्यात हात अर्धा-पाऊण तास बुडवून ठेवा, त्या विषाला उष्णता सोसत नाही. नुसतं हळद लावून बसू नका, काटा आत मोडला असेल तर डॉक्टर.

पवनीचा_गरीवाला
मोठे उपकार. दोरी कोणती घेऊ? दुकानातला पोट्टा ब्रेड ब्रेड करून राहिला होता, मले वाटलं पाव विकते का काय.

खाडीकाठचा_मास्तर
😄 ब्रेड म्हणजे विणलेली दोरी. बारीक बारीक धागे वेणीसारखे गुंफलेले असतात. नायलॉन रबरासारखा ताणतो, ब्रेड ताणत नाही, म्हणून ऐंशी मीटरवर मासोळीनं नुसतं तोंड लावलं तरी हाताला कळते. अन् त्याच ताकदीच्या नायलॉनपेक्षा बारीक असते म्हणून लांब जाते. तोटा काय, तर खडकाला घासली का सुतासारखी उकलते अन् बोट कापते. म्हणून शेवटी दोन-अडीच वाव जाड नायलॉन जोडायचा, त्याला लीडर म्हणतात. ब्रेड २० किंवा ३० पौंड ताकदीची, लीडर ४० पौंडाचा. तर्जनीवर सायकल ट्यूबचा तुकडा नाहीतर कापडी पट्टी लावा.

रीलवर ब्रेड थेट गुंडाळू नका, खाली चार-पाच मीटर नायलॉन टाका, नाहीतर मासोळीनं ओढलं का आख्खी गुंडाळी स्पूलवर, म्हणजे रीलच्या दोरी गुंडाळायच्या चाकावर, गरगर फिरते अन् तुम्ही म्हणता ड्रॅग बिघडला.

ज्याला हे नको त्यानं सरळ ०.४० चा नायलॉन भरावा. पहिल्या वर्षी तेच करा म्हणणारा मी आहे, पण तुम्ही लहानपणापासून गरी टाकता, तर ब्रेड जमेल.

हिंगणघाट_गॅरेज
मी टू-व्हीलर मेकॅनिक. मासोळी खातो, पकडत नाही. पण दोन मित्रांचे रील माह्या गॅरेजात आले समुद्रावरून आल्यावर, म्हणून लिहितो.

खारं पाणी अन् दोन वेगळे धातू एकमेकाले चिटकून असले का ती लहानशी बॅटरीच होते. अल्युमिनियमची बॉडी, आत स्टीलचा स्क्रू, मधात मीठ. तीन महिने घरात नुसता पडून असला तरी आतून पांढरं पीठ निघते अन् स्क्रू असा जाम का डोकं तुटते पण फिरत नाही.

तर रोज संध्याकाळी आल्यावर, कितीही थकला तरी, ड्रॅग पुरा घट्ट करायचा म्हणजे पाणी आत चकत्यांत जात नाही, मग नळाच्या साध्या धारेखाली रील धरायचा. गाडी धुवायचं प्रेशर मारू नको बापा, त्यानं मीठ अजून आत जाते. पुसून ड्रॅग ढिला कर अन् सावलीत ठेव. जिथून दोरी वळते त्या लहान चाकाले एक थेंब तेल, हँडलच्या मुठीले एक थेंब. बस. रॉडच्या कड्या पण धू, कडी जिथं रॉडले बांधली असते तिथं पाणी साचून राहते.

ड्रॅग किती घट्ट ठेवायचा हे अंदाजानं करू नको. घरी कापूस मोजाचा ताणकाटा असन ना, त्याले दोरी बांध, रॉड वाकवून ओढ. दोरीच्या ताकदीच्या चौथाई ते तिहाईवर सुटली पाहिजे. ३० पौंड म्हणजे साडेतेरा किलो, तर साडेतीन ते साडेचार किलोच्या मधात.

पवनीचा_गरीवाला
कापूस कुठचा भाऊ आमच्याकडे, धान आहे. पण ताणकाटा शेजारी आहे, त्याच्यावर मोहफुलं मोजतात.

गाठी सांगा आता. मले एकच गाठ येते, ती पण आज्यानं शिकवलेली.

तुमसरची_ताई
गाठी मी सांगते. मासे आमचे हे पकडतात, पण गाठी माझ्याकडून बांधून नेतात, कारण क्रोशा मला येतो, त्यांना नाही.

पहिली गोष्ट, कोणतीही गाठ आवळण्याआधी थुंकीनं ओली करा. सुई ओवताना दोरा ओला करतो तसं. नायलॉन कोरडा आवळला की घासून तापतो आणि तिथंच कमजोर होतो, डोळ्याला दिसत नाही. आणि झटका देऊन आवळू नका, हळूहळू.

ब्रेडला गरी किंवा स्विव्हल (दोरीला पीळ पडू न देणारी फिरती कडी) बांधायचं तर पालोमर. दोरी दुहेरी करून गरीच्या डोळ्यातून, म्हणजे भोकातून घाला, त्या दुहेरी दोरीची साधी गाठ घाला पण ढिली ठेवा, मग जो फासा उरला त्यातून आख्खी गरी काढा, ओली करा, ओढा. एवढंच. माझ्या सातवीतल्या मुलीला एका दुपारी आली.

नायलॉनला डोळ्यातून घालून पाच-सहा वेढे, टोक मागं फिरवून पहिल्या फटीतून अन् मग मोठ्या फाश्यातून, ती क्लिंच. ती नायलॉनला चांगली. ब्रेडला घालू नका, ब्रेड गुळगुळीत असते, हळूहळू सरकत जाते.

आता ब्रेड आणि लीडर जोडायचं. सोपं म्हणजे डबल युनी, दोन्हीकडून युनी गाठ (टोक मागं वळवून फासा करायचा आणि त्या फाश्यातून वेढे मारायचे) एकमेकींवर, ब्रेडकडून सात-आठ वेढे, जाड लीडरकडून चारच. दोन्ही गाठी ओढून एकमेकींना भिडवायच्या. ती जरा जाड होते, रॉडच्या कडीत खट्ट वाजते. बारीक पाहिजे तर एफजी. एफजीचे व्हिडिओ पाहून लोक रडतात पण बायकांना सांगते, ती वेणीच आहे. ब्रेड ताणून धरायची, एक टोक पायाच्या अंगठ्याला एक दाताला, आणि लीडर तिच्यावरून एकदा खालून, एकदा वरून, असं अठरा-वीस वेळा. मग दोन्हीवर अर्ध्या गाठी, मग लीडरचं टोक कापून नुसत्या ब्रेडवर दोन-चार. वेढे एकमेकांवर चढले नाही पाहिजेत, शेजारी शेजारी बसले पाहिजेत. बसली की ब्रेडचा रंग बदलतो, जरा गडद दिसते.

शिकायचं तर दोरीवर शिकू नका, जाड सुतळी घ्या अन् खुर्चीच्या पायाला बांधा. टीव्ही पाहता पाहता पन्नास वेळा.

पवनीचा_गरीवाला
ताई, सुतळी काढली. घरचे म्हणून राहिले बैल नाही घरात अन् याचं दावं कोणासाठी चाललं आहे.

एक विचारतो. आमच्याकडे गरीले डोळा नसते, डोकं चपटं असते. आज्या शिकवून गेला तो दोरा गरीच्या दांडीवर आडवा धरून त्यावर सात-आठ वेढे मारून टोक आतून काढायचं. ही गाठ समुद्रात चालते का?

मालवणातलो_गरवणारो
अहो ती स्नेल! लोक इंटरनेटवर शिकतात ती. चपट्या डोक्याच्या गरीला आमच्याकडचे जुने लोकही तशीच बांधतात. डोळ्याची गरी असेल तर आधी डोळ्यातून दोरी घाला आणि मग दांडीवर तसेच वेढे. ओढ सरळ दांडीवर येते. सर्कल गरीला तर हीच बांधा. तुमचा आजोबा आमचाच म्हणायचा.

सर्कल गरी म्हणजे टोक आत वळलेली. तिला मासा लागला की झटका मारायचा नाही, हा मुद्दा लिहून ठेवा. तलावात तरंग बुडाला की तुम्ही खस्सकन ओढता ना, ते केलंत तर गरी तोंडातून बाहेर. नुसती दोरी ताणत गुंडाळायची, ती आपोआप तोंडाच्या कोपऱ्यात बसते.

खाडीकाठचा_मास्तर
आता खालची जोडणी, ज्याला रिग म्हणतात. तीन पुरे.

वाळूच्या किनाऱ्यावर मुडदुशीसाठी: सगळ्यात खाली वजन, त्याच्या वर एक हात अंतरानं दोन लहान फांद्या, प्रत्येक फांदीवर एक गरी. वजन तळाला बसते, गऱ्या वर झुलतात. याला पॅटर्नोस्टर म्हणतात, नाव लक्षात नाही राहिलं तरी चालते. फांद्या वीतभरच ठेवा, लांब ठेवल्या का फेकताना मेन दोरीला गुरफटतात.

खाडीत तळावर: मेन दोरीत भोकाचं वजन ओवा, मग मणी, मग स्विव्हल, मग दीड-दोन फूट लीडर, मग गरी. मासोळी चारा घेऊन चालू लागली तर दोरी वजनातून सरकते, तिला जड लागत नाही. मणी विसरू नका, नाहीतर वजन आपटून आपटून गाठ ठेचते.

जेट्टीवर: तुमचा तरंगच, फक्त मोठा अन् सरकणारा. ते तुम्हाला सांगायची गरज नाही.

खडकाळ जागी वजन अडकतेच. तिथं वजन मेन दोरीला बांधायचं नाही, १० पौंडाच्या कच्च्या नायलॉनच्या तुकड्यानं लोंबकळतं बांधायचं. अडकलं तर तो तुकडा तुटते, वजन जाते, बाकी सगळं मासोळीसकट परत येते. अन् शिसं महाग आहे, तर तुमचे स्पार्क प्लग इथं कामी येतात, थैलीभर आणा. फेकताना मात्र सांभाळून, झटक्यात तो तुकडा तुटला तर प्लग गोळीसारखा जाते. मागं कोण उभं आहे ते पाहूनच.

कोळंबी मऊ असते, फेकली का उडून जाते, म्हणून शिवणाच्या दोऱ्यानं चार वेढे मारा.

सिंदेवाहीवाला
वाचून राहिलो. सहज विचारतो, उन्हाळ्याच्या शेवटी जूनमधे गेलं तर? धानाची लावणी व्हायच्या आत मोकळा असतो मी.

मालवणातलो_गरवणारो
भाऊ, जूनमध्ये नको. १ जून ते ३१ जुलै यंत्राच्या होड्यांनासुद्धा बंदी असते, एक तर तो माशांच्या पैदाशीचा काळ आणि समुद्र खवळलेला. खडकावर उभं राहायचं तर नावच घेऊ नका. नारळी पौर्णिमेनंतर बघा, आणि खरं म्हणजे ऑक्टोबर ते मार्च.

भरतीचं सांगायचं राहिलं. तलावाचं पाणी तिथंच असतं, इथलं चालतं. तिथीला तीनने गुणा, चारने भागा, जो आकडा येईल साधारण तितक्या वाजता भरती पूर्ण. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. दिवसाला एकदा आणि रात्रीला एकदा. रोज पाऊण तास पुढे. जागेप्रमाणे थोडं इकडेतिकडे होतं, गावातल्या माणसाला विचारून पक्कं करा. भरतीचे शेवटचे दोन तास आणि ओहोटी लागल्यावरचा पहिला तास, तेवढ्यात गरवा, बाकी वेळ भावाकडे झोपा काढा. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, पाणी जोरात. अष्टमीला भांग, पाणी सुस्त. नवशिक्याला दोन्हीच्या मधले दिवस बरे.

खडकावर गेलात तर आधी दहा मिनिटं नुसतं बघत उभे राहा. सगळ्यात मोठी लाट कुठवर येते ते बघा आणि त्याच्या मागे उभे राहा. समुद्राकडे पाठ करायची नाही, गरीला चारा लावतानासुद्धा. आणि येताना ज्या वाटेने गेलात ती भरतीत बुडते का, ते आधी विचारा.

पवनीचा_गरीवाला
पोहोचलो मंडळी. रॉड तीन इंची पीव्हीसी पाइपात घालून आणला, दोन्हीकडून झाकण. गाडीत टीसीनं विचारलं काय आहे, मी म्हटलं मासोळीची दांडी, तो बसला अन् अर्धा तास त्याच्या गावच्या नदीची गोष्ट सांगून गेला.

एकूण खर्च ५४०० झाला. रॉड, ५००० नंबरचा रील, ब्रेड ३० पौंड, लीडर, गऱ्या, स्विव्हल. प्लग फुकट, एकवीस आणले.

पवनीचा_गरीवाला
दुसरा दिवस. लय बेकार. भरतीले गेलो, वाळूवर, मास्तर म्हणाले तसं जिथं लाट फुटत नव्हती तिथं टाकलं. वीस मिनिटांत असा झटका आला का रॉड हातातून जाता जाता राह्यला, ड्रॅग किर्र किर्र, अन् मग एकदम काहीच नाही. ढिलं. ओढून पाह्यलं तर स्विव्हल अन् खालचं सगळं गायब. दोरी ३० पौंडाची होती ना? नकली दिली वाटते मले.

खाडीकाठचा_मास्तर
दोरीला शिव्या देऊ नका आधीच. ब्रेडचं टोक कापलं तर नाही ना? त्याचा फोटो टाका, जवळून. अन् "लाट फुटत नव्हती" मी सांगितलंच नव्हतं इथं, फोनवर सांगितलं होतं, तर बाकीच्यांसाठी लिहितो: लाट न फुटता जिथून पाणी परत जाते तिथं चर असते, मासोळी त्यात फिरते. त्याच चरात पोहायला मात्र उतरायचं नाही, ते पाणी आत ओढते.

पवनीचा_गरीवाला
टाकला फोटो. टोक असं गुंडाळल्यासारखं आहे. डुकराच्या शेपटीसारखं.

तुमसरची_ताई
दोरी तुटलीच नाही भाऊ. गाठ सुटली. वळलेलं टोक म्हणजे गाठ सरकत सरकत निघून गेली, वेढ्यांचा आकार राहून गेला. खरं सांगा, कोणती गाठ मारली होती?

पवनीचा_गरीवाला
...क्लिंच. अंधार होत होता, घाई झाली, हाताले तीच आली.

मालवणातलो_गरवणारो
सगळ्यांचं होतं. टोक वाचायला शिका, तेच खरं सांगतं. शेपटीसारखं वळलं तर गाठ सुटली, चूक तुमची. सुतासारखं पिंजलं असेल तर खडकाला घासलं, जागा बदला किंवा लीडर लांब करा. ब्लेडने कापल्यासारखं सरळ असेल तर दात. वाम असेल नाहीतर केंड. केंडाचा तर सुळसुळाट झालाय, दोरी कापतो, जाळी फाडतो, आणि मिळाला तर खायचा नाही, विषारी असतो. पोट फुगवून फुग्यासारखा होतो, ओळखाल.

हिंगणघाट_गॅरेज
रील धुतला का काल?

पवनीचा_गरीवाला
धुतला. पण एक सांगतो, मासोळी गेली त्या रागात रील तसाच वाळूत ठेवला होता. आता खर्र खर्र वाजून राहिला.

हिंगणघाट_गॅरेज
फिरवू नको! फिरवशील तर वाळू गिअर खाते. स्पूल काढ, समोरची चकती पुरी फिरवली का निघते, तिच्या खाली वाळू असन. गोड्या पाण्यानं धू, जुन्या टूथब्रशनं. तरी वाजला तर उघडू नको, तसाच ठेव. रॉडले उभं करायले पीव्हीसी पाइपच रोव ना वाळूत, आणला आहे तर.

पवनीचा_गरीवाला
स्पूलखालीच होती, चिमूटभर. आता बरा आहे. पाइप रोवला, मस्त जमला, एका बाजूचं झाकण कापून टाकलं.

सहावा दिवस. पालोमर घातली, दिवसा, घरी बसून. आठ नंबरच्या गऱ्या, कोळंबीचे बारीक तुकडे, दोरा गुंडाळून. मुडदुशी पाच! बोटभर लांबीच्या दोन सोडल्या, तीन ठेवल्या. वहिनीनं रव्यात तळल्या. रोह्याचे काटे काढता काढता आपलं आयुष्य गेलं राजेहो, इथं मधला काटा ओढला का मासोळी मोकळी. मग खाडीवर गेलो तर शिंगाळा, अंदाजे पाऊण किलो. फडकं होतं, पक्कड होती, तरी फोटो काढताना डाव्या अंगठ्याले लागलाच. वहिनीनं पातेलं गरम केलं, चाळीस मिनिटं हात बुडवून बसलो. पहिले दहा मिनिटं मी काय काय बोललो ते भाऊ सगळ्यांले सांगून राहिला. मग उतरलं.

मोठी मासोळी अजून नाही. तो दुसऱ्या दिवशीचा झटका कायचा होता हे रात्री झोपताना डोक्यात येते.

खाडीकाठचा_मास्तर
पाकट असेल. मोठा झटका अन् मग वजनासारखं जड, बहुतेक वेळा पाकटच असते. असं समजा म्हणजे झोप येईल.

सिंदेवाहीवाला
भाऊ परत आला का? एक विचाराचं आहे. ते वजन कच्च्या दोरीनं लोंबकळतं बांधाचा जुगाड, आपल्याइकडे धरणात बुडालेली झाडं आहेत तिथं चालन का? माह्या दर खेपेले दोन-दोन गऱ्या जातात.

पवनीचा_गरीवाला
चालते. काल गोसे धरणाच्या पाण्यात करून पाह्यलं. प्लग गेला, गरी आली, गरीले मरळ होती.